कॅज्युअल्टीत ‘गॅस आहे, घरी जा’ म्हणाले तर

अठरा वर्षं मी एसटीत कंडक्टर होते, कराड-चिपळूण. कुंभार्ली घाटात गाडी बंद पडली की सगळी गाडी माझ्यावर ओरडायची. त्यामुळे समोरचा ओरडायला लागला की आपले कान कसे बंद होतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण एखादा प्रवासी शांतपणे जवळ येऊन म्हणाला, “बाई, बिल्ला नंबर सांगता? आणि तक्रार वही द्या,” की माझी पाठ आपोआप ताठ व्हायची. दवाखान्यात ही गोष्ट आठवायला मला सहा तास लागले. तुमचे वाचावेत म्हणून लिहिते.

माझं झालं ते असं. पहाटे ४.४० ला जाग आली. जबडा आणि पाठीत दोन खांद्यांच्या मधे कुणीतरी गच्च आवळल्यासारखं होत होतं. छातीत काही नाही. घाम इतका की गाऊन बदलावा लागला, मग एक उलटी. मधुमेह नऊ वर्षांचा. रिक्षातून कॅज्युअल्टीत गेलो. डॉक्टरांनी विचारलं काय होतंय, तर मी तोंड उघडायच्या आत आमचे हे म्हणाले, “ॲसिडिटी आहे तिला, काल रात्री मिसळ खाल्ली.” मीपण मान डोलावली. आपल्यामुळे घरातली माणसं पहाटे उठली, याचीच मला लाज वाटत होती. ईसीजी काढला, ठीक आला. घरात काही टेन्शन आहे का, पाळी गेली का, एवढं विचारलं, पॅन्टोप्राझोलचं इंजेक्शन दिलं. “या वयात होतं असं ताई, घरी जाऊन झोपा.” मी म्हटलं, “पण जबडा...” तोवर ते पुढच्या कॉटवर गेले होते. तिथे ॲक्सिडेंटची केस आली होती आणि त्यांची रात्रपाळी संपत आली होती. तो डॉक्टर मुलगा वाईट नव्हता, पण मला घरी पाठवलं हे खरंच.

साडेबाराला दुसऱ्या दवाखान्यात दुसरा ईसीजी काढला. तो बदललेला होता. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका. यात मळमळ-उलटी पुष्कळदा असते, आणि बायकांना, मधुमेह असलेल्यांना छातीत न दुखताही झटका येऊ शकतो, हे तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं. एक स्टेंट बसला.

तर आता काय करायचं ते. सगळ्यात आधी, निदान आपण नेऊन द्यायचं नाही. ‘गॅस झालाय वाटतं’ हे वाक्य घरीच ठेवून जा. आपण आयतं उत्तर दिलं की दमलेला माणूस ते घेतो. मीही गर्दीत ‘पुढचा स्टॉप का?’ विचारणाऱ्याला न बघता ‘हो’ म्हटलेलं आहे. काय वाटतंय तेवढंच सांगा, आणि ते तिकीट काढल्यासारखं: कुठून, कुठवर, किती वाजता. बोलणारा माणूस एकच असू दे, शक्यतो पेशंटच. नवऱ्याला नाहीतर मुलाला आधीच सांगून ठेवा की मला बोलता येईना झालं तरच तू बोल. जमलं तर कागदावर लिहून न्या. माझ्या नणंदेला यंदा असंच झालं तेव्हा मी वहीचं पान फाडून लिहून दिलं:

‘रात्री २.१५ पासून डावा हात आणि मान जड. घाम, दोनदा. जिना चढताना दम, काल नव्हता. असं आधी कधी झालेलं नाही. बीपीची गोळी रोज. वडिलांना ५२ व्या वर्षी झटका.’

यातलं ‘असं आधी कधी झालेलं नाही’ हे वाक्य विसरू नका. ॲसिडिटी तुम्हाला वीस वर्षं माहीत आहे, आणि ही ती नाही, हे फक्त तुम्हीच सांगू शकता.

जबडा, हात, पाठ, छाती, दम, घाम यातलं काही असेल तर ईसीजी पोचल्यापासून दहा मिनिटांत निघायला हवा. रांगेत बसवलं तर तसं सांगा. पण पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे सुटलो असं नाही, मला हेच माहीत नव्हतं. झटका चालू असतानाही तो साधा दिसू शकतो. झटका कळण्यासाठी ट्रोपोनिन नावाची रक्ताची चाचणी असते, तिचा आकडाही वाढायला वेळ लागतो, म्हणून ती काही तासांनी पुन्हा करतात. तेव्हा भांडण न करता विचारायचं: “डॉक्टर, हार्टचं नाही हे कशावरून ठरवलं? ट्रोपोनिन केलंय का? ईसीजी पुन्हा कधी काढायचा?” दुखणं थांबलं नसेल तर कॉटवरून उठायची घाई करू नका. सिस्टरना हाक मारा. “सिस्टर, पुन्हा घाम आलाय, बीपी बघता का?” डॉक्टर दहा कॉटवर फिरतात, सिस्टरना तुमचा चेहरा दिसत असतो. माझ्या वेळी मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

तरी नाहीच म्हणाले, तर हे बिल्ला नंबरवालं वाक्य: “ठीक आहे. फक्त मी जबडा आणि घाम सांगितला होता आणि त्याची तपासणी आत्ता नको असं तुम्ही ठरवलंत, एवढं केसपेपरवर लिहून द्या.” आवाज न चढवता. पेन हातात घेतलं की माणूस पुन्हा एकदा विचार करतो. आणि सही करायच्या आधी वाचा. ते स्वतःहून घरी पाठवत असतील तर तो डिस्चार्ज. ‘डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर’ असं छापलेल्या कागदावर, म्हणजे डामावर, सही तुमची कशाला?

मोबाइल काढून शूटिंग, टेबलावर हात आपटणं, चार पोरं बोलावणं, यातलं काही नको. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे तो आहेच, पण मुख्य म्हणजे मग तुमच्या जबड्याकडे कोणी बघत नाही, सगळे दाराकडे बघतात.

दुसरीकडे जायचं तर १०८ ला फोन करा, माझ्यासारखं रिक्षातून हिंडू नका. ईसीजीचा कागद मागून घ्या आणि लगेच फोटो काढा. तो आमच्या मशिनच्या तिकिटासारखा असतो, काही महिन्यांत कोरा होतो. पुढच्या डॉक्टरला जुन्याशी ताडून बघता आलं, म्हणून माझं लवकर कळलं. आधी पैसे भरा म्हणून कोणी अडवलं तर सांगा, तातडीच्या पेशंटला आधी उपचार द्यायचे, हा सुप्रीम कोर्टाचा निकाल १९८९ चा आहे.

बाकीचं बरं झाल्यावर. राज्याच्या नर्सिंग होम नियमांत २०२१ साली बदल झाले, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद खासगी दवाखान्यात भिंतीवर लावावी लागते. तक्रार शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे, आमच्यासारख्या गावात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. त्याआधी कागद हातात हवेत. लेखी अर्ज करा, पोच घ्या. मागितल्यापासून ७२ तासांत प्रती द्यायच्या, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे.

मीही तसा अर्ज केला आणि माझा केसपेपर मिळाला. अर्ध्या पानाचा. जबडा नाही, पाठ नाही, घाम नाही. मिसळ मात्र लिहिलेली होती.