इरकल घरी धुताना आधी पदर सांभाळा

इरकल साडीचं अंग सहसा सुती, पण पदर रेशमी नाहीतर कृत्रिम रेशमाचा. कर्नाटकातल्या इळकलचे विणकर दोन्हींचे ताणे, म्हणजे उभे धागे, फासे अडकवून जोडतात. त्याला टोप तेनी म्हणतात. त्यामुळे सगळी साडी एकाच बादलीत कोंबू नये.

आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात पदराचा लाल भाग मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर पदर साडीच्या अंगाला लागू न देता वेगळ्या, भरपूर गार पाण्यात दोन मिनिटांत खळबळून काढा. रात्रभर मिठाच्या पाण्यात भिजवायची जुनी सवय सोडाच. मिठाने रंग पक्का होत नाही, आणि सुटलेला लाल रंग भिजता भिजता पदराच्या पांढऱ्या पट्ट्यांवर बसतो. तो गुलाबीपणा मग निघत नाही.

साबणाऐवजी आठ-दहा रिठे रात्री कोमट पाण्यात भिजवा आणि सकाळी कुस्करून गाळा. इंदूरमध्ये नर्मदेचं पाणी येईल त्या दिवशी धुवा. साबण वापरलाच तर बोरिंगच्या जड पाण्यात त्याचा साका बसतो आणि काळी चंद्रकळा साडी राखाडी दिसू लागते. पिळू तर अजिबात नका. कृत्रिम रेशीम ओलं असताना कमजोर होतं, आणि पीळ पडला की ताण नेमका त्या जोडावर येतो.

खळ फक्त सुती अंगाला. दोन मोठे चमचे साबुदाणा एक लिटर पाण्यात काचेसारखा होईपर्यंत शिजवा, मलमलीतून दोनदा गाळा, चार लिटर गार पाण्यात मिसळा. गाळण्यात आळस केला की गडद रंगावर पांढरे ठिपके उमटतात. पदर गुंडाळून दोरीने सैल बांधा, बादलीबाहेर ठेवा आणि अंग पाच मिनिटं बुडवा.

वाळत घालायची ती सावलीतच, उलटी बाजू वर करून. मे महिन्यात इथे साडी बघता बघता कडक होते, म्हणून दमट असतानाच दोघींनी समोरासमोर धरून काठ ताणून घ्यावेत. सुती अंग आणि काठ सारखे आटत नाहीत. न ताणल्यास काठाला चुण्या पडतात. इस्त्री थोड्या ओलीवरच, काठ-पदरावर कमी तापवून आणि वर सुती फडकं ठेवून.

पावसाळ्याआधी खळ धुऊन काढा आणि साडी बिनखळीची, जुन्या सुती पंच्यात गुंडाळून ठेवा. खळीला कसर लागते.