विज्ञानकथावेड्यांचं नाटक वाडीत कसं बसवाल

आमच्या गुहागरकडे वाडीचं नाटक म्हणजे पौराणिक, नाहीतर भावाभावांच्या वाटणीचं. मी शिवणकाम करते आणि मंडळाचं नाटकही बसवते, म्हणून सांगते: एकदा विज्ञानकथांच्या संमेलनाला जमलेल्या चाहत्यांवर फार्स करून बघा. फक्त त्यांच्या वेडाला हसू नका. ‘शिकलेली माणसं कशी खुळ्यासारखी वागतात’ एवढ्यावर दहा मिनिटं निघतील, दोन अंक नाही. खरी गंमत आहे ती ही माणसं किती गंभीरपणे भांडतात त्यात.

भांडणं तर पहिल्यापासूनचीच. १९३९ साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तिथेच आयोजकांनी सहा चाहत्यांना दारातून परत पाठवलं! पालखी आधी कुणाच्या अंगणात, यावरून आपल्याकडे जे होतं तेच की. त्याच संमेलनात फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातले कपडे घालून हिंडले होते. म्हणजे मानपान आणि सोंग दोन्ही आयतं मिळालं. अध्यक्ष, खजिनदार आणि ‘माझं नाव पत्रिकेत खाली का?’ म्हणणारा, ही पात्रं तुमच्या मंडळात असतीलच. त्यांनाच घ्या, पण त्यांची त्यांची भूमिका देऊ नका. खजिनदाराला अध्यक्ष करा, मग बघा.

कथानक सोपं ठेवा. ऐन शिमग्यात लॉजच्या हॉलमध्ये संमेलन, वेशभूषा स्पर्धा चालू. तेवढ्यात नमनातला, म्हणजे आपल्या कोकणी लोकनाट्यातला, संकासूर पोस्त, म्हणजे शिमग्याचे पैसे, मागायला आत शिरतो. काळा अंगरखा, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. परीक्षक उठूनच उभे राहतात.

“कुठल्या ग्रहावरून आलात?”

“खालच्या वाडीतनं. पोस्त काढा.”

इथे परीक्षकांपैकी एकाला जयंत नारळीकर आठवले पाहिजेत. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने कथा पाठवली होती, स्वतःचीच आद्याक्षरं उलटी करून. झालं! हाही कुणी मोठा शास्त्रज्ञच, नाव लपवून आलाय, अशी परीक्षकांची खात्री पटते. संकासूर जितका खरं बोलेल तितकी ती घट्ट होत गेली पाहिजे. पुढचा अख्खा अंक यावरच चालतो. वर आणखी उपकथानकं लादू नका. संकासुराचं काम मात्र नमनात सोंग घेणाऱ्यालाच द्या आणि आधी नमन करणाऱ्या खेळ्यांना विचारून घ्या. तो देवाच्या कामातला आहे. फजिती संमेलनवाल्यांची होऊ दे, त्याची नको.

आता कपडे, म्हणजे माझा प्रांत. शहरातून भाड्याने चकचकीत पोशाख आणू नका. अंतराळवीराचं शिरस्त्राण पोफळीच्या विरीचं, म्हणजे झावळीच्या बुडाशी असते त्या रुंद सालीचं, करा. विरी भिजत घातली की मऊ पडते. मग ती पातेल्यावर बांधून वाळू द्या, आकार धरते. जोड दाभणाने सुतळीत शिवा. इथल्या दमट हवेत आणि नटाच्या घामात चिकटवलेलं काही टिकत नाही, ऐन प्रवेशात गळून पडतं. चंदेरी रंग लावून एक दिवस उन्हात ठेवा. पुढून काच नकोच: वाफ धरते, आवाज कोंडतो, आणि विनोदी नटाचं तोंडच दिसलं नाही तर राहिलं काय? शेतातलं जुनं इरलं पाठीवर घातलेला एक परग्रहवासीही असू दे. बायका त्याला बघूनच हसतात.

तालमी रात्री जेवणं आटोपल्यावर. मुंबईकर चाकरमानी शेवटच्या दोन दिवसांत उगवणार, म्हणून त्यांना गर्दीतली कामं द्या. भोंगा रात्री दहाला बंद करावा लागतो, खास सवलतीचा दिवस असेल तर बाराला. तेव्हा सत्कार आटोपते घ्या, नाटक नको. संहिता नवी असेल तर रंगभूमी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र वेळेवर मागवा.

संकासुराची एन्ट्री प्रेक्षकांच्या मागून, ढोल वाजवत. मधली वाट मोकळी ठेवा आणि रंगमंचाच्या पायऱ्यांशी दोन दांडगे गडी उभे करा, कारण तो दिसला की पुढे बसलेली पोरं थेट स्टेजवर चढतात.