फिशरला काय लावायचं, जडीबुटीचं मलम की डॉक्टरने दिलेलं?

आधी एक गोष्ट समजून घ्या, मग सगळं सोपं जातं. फिशर म्हणजे गुदद्वाराच्या तोंडाशी, बहुतेक वेळा मागच्या बाजूला, पडलेली चीर. दुखलं की आतला स्नायू आवळतो, आवळला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो, मग जखम भरत नाही आणि परत दुखतं. म्हणून मलम घेताना विचारायचं एवढंच की हे स्नायू सैल करतं की नुसतं वरवर थंड वाटतं?

डिल्टियाझेम २ टक्के, निफेडिपिन, नायट्रोग्लिसरीन ही मलमं स्नायू सैल करतात. साधारण दिवसातून दोनदा, ६ ते ८ आठवडे. दोन दिवसात दुखणं थांबलं म्हणून बंद करू नका प्लीज, आतली चीर अजून भरलेली नसते. नायट्रोग्लिसरीनने डोकं जाम दुखू शकतं, आणि सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा वगैरे, लिंग ताठरतेसाठीची) गोळी घेत असाल तर ते अजिबात नको, बीपी एकदम खाली येतं. डिल्टियाझेमने डोकं दुखण्याचा त्रास त्या मानाने कमी, पण काहींना खाज सुटते. लिग्नोकेन फक्त बधिर करतं. स्टेरॉइडवालं मलम स्वतःच्या मनाने आठवडेच्या आठवडे लावू नका, कातडी पातळ होते.

आता हर्बल. कोरफड, मध, जात्यादी तेल यांनी आग कमी होते, जागा मऊ राहते, शौचाच्या वेळी घासत नाही, हे खरंय. कोरफड आणि मधावर छोटे अभ्यास झालेत आणि निकाल बरे आहेत, पण स्नायू सैल करण्याचा पुरावा वरच्या औषधांइतका पक्का नाही. माझं मत असं की चीर नवीन असेल तर हर्बल वापरून बघायला हरकत नाही, पण ६ आठवडे उलटून गेले असतील तर त्याच्या भरवशावर राहू नका. टी ट्री ऑइलसारखी तेलं थेट चिरेवर तर नकोच, भयंकर झोंबतात. आणि दोन्ही मलमं एकावर एक थापू नका, पुरळ आलं तर कशाने आलं ते कळणारच नाही.

लावायची पद्धत: कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं बसा, हलक्या हाताने टिपून कोरडं करा, हातमोजा घालून मटाराएवढं मलम कडेला आणि जेमतेम आत लावा. बोट जोरात खुपसायचं नाही! नंतर हात धुवा.

हे सगळं करून शौच कडकच राहिली तर कुठलंच मलम पुरं पडणार नाही, म्हणून फायबर, इसबगोल, भरपूर पाणी हे सोबत हवंच.

ताप, पू, काळपट रक्त, वजन उतरणं, किंवा चीर मागे-पुढे नसून बाजूला असणं, यातलं काहीही असेल तर मलम बाजूला ठेवून थेट सर्जनला दाखवा. गरोदर असाल तर हर्बलसुद्धा विचारूनच लावा.