पाळीआधीचा तीव्र मनस्ताप: पीएमडीडी ओळखणे आणि आटोक्यात ठेवणे

पाळी येण्याआधी थोडी चिडचिड होणे, अंग जड वाटणे किंवा स्तन दुखणे बहुतेक स्त्रियांच्या ओळखीचे असते. परंतु काही जणींना त्या आठवड्यात निराशा, संताप किंवा धास्ती इतकी घेरते की नाशिकमधल्या अंबडच्या कंपनीतली शिफ्ट असो वा द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडच्या पॅकहाऊसमधले काम, ते हातून निभत नाही. आणि पाळी सुरू होऊन दोन-तीन दिवस झाले की सगळे निवळते. या विकाराला पीएमडीडी (प्रीमेन्स्ट्रुअल डिस्फोरिक डिसऑर्डर) म्हणतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत 2013 पासून त्याची गणना नैराश्याच्या विकारांत होते. यात रक्तातील संप्रेरकांचे (हार्मोन्सचे) प्रमाण सहसा नेहमीसारखेच असते, मात्र त्यांच्या मासिक चढउतारांना मेंदू अधिक तीव्र प्रतिसाद देतो. त्यामुळे तपासणीचा अहवाल नॉर्मल आला म्हणून घरच्यांनी त्या त्रासाला मनाचे खेळ ठरवू नये.

निदान तारखांवर ठरते, आणि त्यासाठी किमान दोन पाळ्यांची रोजची नोंद लागते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतला तारखेचा चौकोनही त्याला पुरतो. रोज रात्री झोपण्यापूर्वी उदासी, चिडचिड, धास्ती आणि मनाची चलबिचल यांना 1 ते 6 असे अंक द्यावेत. 1 म्हणजे मुळीच नाही, 6 म्हणजे टोकाचे. झोप, भूक, थकवा आणि कामातील लक्ष यांचीही नोंद ठेवावी, कारण निदानासाठी एकूण किमान पाच लक्षणे लागतात व त्यांपैकी कमीत कमी एक मनाचे असावे लागते. अंकाशेजारी त्या दिवशी काय अडले ते मोजक्या शब्दांत लिहावे, उदाहरणार्थ, "डबा भरताना रडू आले, कामावर गेले नाही." बरे गेलेले दिवस मात्र कोरे सोडू नयेत. पाळीनंतरच्या आठवड्यातही उदासी तशीच राहत असेल, तर मूळचे नैराश्य पाळीआधी बळावत असण्याची शक्यता असते आणि मग उपचारही बदलतात. पूजेसाठी पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेतली असेल, तर तो महिना हिशेबात धरू नये.

ही नोंद घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. खासगी फी परवडत नसल्यास त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा रुग्णालयात दाखवावे. थायरॉईड आणि रक्तक्षय यांची तपासणी करून घेणे योग्य ठरते. मेंदूतील सेरोटोनिन या रसायनावर काम करणारी फ्लुओक्सेटिन किंवा सर्ट्रालिन यांसारखी औषधे येथे पहिल्या पसंतीची मानली जातात. नैराश्यात त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, पीएमडीडीत मात्र तो बहुधा काही दिवसांतच जाणवतो. म्हणून काही जणींना डॉक्टर ती फक्त पाळीआधीचे सुमारे 14 दिवस देतात. कोणती आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवावे; शेजारणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून औषध आणू नये. ड्रोस्पिरेनोन हे संप्रेरक असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या आणि समुपदेशन यांचाही काहींना उपयोग होतो. कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नियमित चालावे, झोपेची वेळ पाळावी. तीव्र त्रासात मात्र एवढ्यावर भागत नाही. गर्भाशयाची पिशवी काढल्याने सुटका होईल, ही समजूत चुकीची आहे, कारण बीजकोश शाबूत असेपर्यंत संप्रेरकांचे चक्र चालूच राहते.

नवऱ्याशी किंवा सासूबाईंशी बोलायचे ते बऱ्या दिवसांत बोलावे, आणि त्या आठवड्यातला स्वयंपाक, मुलांचा अभ्यास कोण पाहील हे आधीच ठरवून घ्यावे. भांडणाच्या वेळी "पाळी जवळ आली वाटतं" असे म्हणणे घरच्यांनी कटाक्षाने टाळावे. त्याने ती पुढच्या खेपेला त्रास सांगणेच सोडून देते. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर ते अंगावर काढू नयेत आणि पाळी येण्याची वाट पाहू नये. 14416 या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते. तातडीचा धोका वाटत असल्यास तिला एकटे न ठेवता 112 वर फोन करावा किंवा थेट रुग्णालयात न्यावे.