कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकाला एसडी कार्ड आणि वायफाय जोडताना
आधी मल्टीमीटर. मूळ अडॅप्टरमधला ५ व्होल्टचा रेग्युलेटर बिघडला की व्होल्टेज बरेचदा वाढतं आणि रॅमच्या चिप्स उडतात. अडॅप्टरच्या गोल डीआयएन प्लगच्या ५ आणि २ नंबरच्या पिनांमध्ये ५.२५ व्होल्टच्या वर रीडिंग आलं, तर तो अडॅप्टर सरळ बाद करा.

मग एसडी२आयईसी, म्हणजे एसडी कार्ड फ्लॉपी ड्राइव्हसारखं वापरू देणारं उपकरण. डेटा केबल ६ पिनांच्या सीरियल पोर्टला, पॉवर कॅसेट पोर्टवरून. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं, एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेलं. जुना १५४१ फ्लॉपी ड्राइव्हही जोडलेला असेल तर एकाचा डिव्हाइस नंबर ८ आणि दुसऱ्याचा ९ ठेवा.

काही गेम अर्ध्यातच अडकतात. ते आपला फास्टलोडर (गेम लवकर लोड करणारा छोटा प्रोग्राम) १५४१ च्या आतल्या ६५०२ प्रोसेसरवर चढवतात, आणि एसडी२आयईसीत तो प्रोसेसरच नसतो. कार्ड बदलत बसू नका. अशा गेमसाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारं, १५४१ ची हुबेहूब नक्कल करणारं पाय१५४१ घ्यावं.

वायफाय मोडेम यूजर पोर्टमध्ये लावताना मशीन बंदच हवं. तिथे ९ व्होल्ट एसीही असतं. मोडेम उलटा बसला तर तो जातो, सोबत पोर्ट सांभाळणारी सीआयए चिपही जाऊ शकते. वेग मोडेम आणि टर्मिनल प्रोग्राम दोन्हीकडे १२०० बॉड ठेवून सुरुवात करा.