गाडी मिसिंग करतेय? नवी कॉइल घेण्याआधी एवढं तपासा

सिग्नलला उभी असताना स्टिअरिंग थरथरतं, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबला की गाडी झटके मारते आणि सायलेन्सरमधून एका तालात फट्-फट् येतं. गॅरेजच्या भाषेत हे मिसिंग. चारपैकी एखाद्या सिलिंडरमधलं इंधन पेटतच नाही. ते पेटवणारी ठिणगी प्लग देतो आणि त्यासाठी लागणारे हजारो व्होल्ट प्लगवर बसलेली कॉइल तयार करते. खात्री करायची तर गाडी न्यूट्रलला चालू ठेवा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून दोन-तीन इंचांवर कागदाची पट्टी धरा. इंजिन ठीक असेल तर कागद सतत बाहेरच्या बाजूला फडफडतो. मिसिंग असेल तर तो मधूनच आत ओढला जातो.

चेक इंजिनचा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश घरी नेता येते. दिवा लुकलुकत असेल तर अॅक्सिलरेटर सोडा आणि गाडी बाजूला घेऊन बंद करा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेतला, धूर शुद्ध करणारा डबा) जाऊन पेटतं, आतली सिरॅमिकची जाळी वितळते आणि खर्च कॉइलच्या कितीतरी पट होतो.

स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या संगणकाने नोंदलेले दोषाचे कोड वाचायची जागा) साधा ब्लूटूथ स्कॅनर लावा. पी०३०१ ते पी०३०४ यांतला कोड आला तर शेवटचा आकडा हाच सिलिंडरचा नंबर. आडव्या बसवलेल्या चार सिलिंडरच्या इंजिनात १ नंबर बहुतेक वेळा टायमिंग चेनच्या, म्हणजे बेल्ट-पुलीच्या बाजूला असतो. पी०३५१ ते पी०३५४ म्हणजे त्या-त्या कॉइलच्या सर्किटची तक्रार. यात कॉइलइतकीच वायर आणि कप्लरही (वायरच्या टोकाचा प्लास्टिकचा जोड) संशयित. पी०३०० म्हणजे मिसिंग एका सिलिंडरपुरतं नाही. तिथे कॉइल शोधत बसू नका. आधी फाटलेला व्हॅक्यूम पाइप, पेट्रोलचं प्रेशर आणि सगळेच झिजलेले प्लग पाहा. कोड आणि त्या क्षणीचा आरपीएम लिहून ठेवा, मगच कोड पुसा.

समजा पी०३०३ आला. आता पैसे खर्च न करता अदलाबदल करायची. इंजिन थंड हवं, चावी बंद हवी. ३ नंबरच्या कॉइलच्या कप्लरचं लॉक दाबून कप्लर काढा, वायर ओढू नका. कॉइलचा बोल्ट काढा (बहुतेक गाड्यांना १० नंबरची गोटी, म्हणजे सॉकेट पाना, लागते), कॉइल थोडी डावी-उजवी फिरवून सैल करा आणि सरळ वर खेचा. ३ ची कॉइल १ ला आणि १ ची ३ ला लावा. एका वेळी एकच वस्तू हलवा. कॉइल आणि प्लग दोन्ही एकदम बदलले तर दोष कोणात होता हे कळत नाही. दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवा, त्यात एखादा चढ असू द्या. कोड पी०३०१ झाला तर कॉइल खराब. पी०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष. मग तसाच ३ चा प्लग २ ला नेऊन पाहा, त्यानंतर इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग). काही कॉइल तापल्यावरच दगा देतात. सकाळी ठीक आणि वीस मिनिटांच्या ट्रॅफिकनंतर मिसिंग असेल, तर चाचणीही इंजिन पूर्ण तापवूनच घ्या.

चालू इंजिनवर कॉइल उपसून ठिणगी बॉडीवर उडवून बघण्याची सवय वाईट आहे. तिथे पंचवीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो. हाताला झटका बसतो आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) जाऊ शकतो.

कॉइल हातात आली की तिच्या रबरी बूटकडे उजेडात नीट बघा. बूटवर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी किंवा करडी रेघ दिसली तर ठिणगी प्लगच्या टोकाला न जाता बाजूने इंजिनच्या डोक्याला पळते आहे. जोडीला प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरही तशीच रेघ सापडेल. अशा वेळी बूट आणि प्लग दोन्ही बदला, कारण उरलेली रेघ नव्या भागालाही वाट करून देते. प्लग बसतो त्या खड्ड्यात तेल असेल तर टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि प्लग-ट्यूबची सील गेलेली आहे. पाणी असेल तर पावसाळा किंवा इंजिनवर मारलेला प्रेशर वॉशर. प्लग खोलण्याआधी खड्डा हवेने साफ करा, नाहीतर कचरा सिलिंडरमध्ये पडतो.

दोन पिनांच्या कॉइलचा प्रायमरी रेझिस्टन्स (आतल्या पहिल्या गुंडाळीचा विद्युत रोध) साधारण अर्धा ते दोन ओहम भरतो. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये सर्किट असतं, तिथे ओहम मोजून काही सिद्ध होत नाही. तिथे चावी चालू करून कप्लरमध्ये बॅटरीइतके व्होल्ट येतात का आणि अर्थिंग नीट आहे का, एवढंच पाहा.

आता मूळ मुद्दा. कॉइल बहुधा झिजलेल्या प्लगमुळे जाते. प्लगच्या दोन टोकांमधला गॅप (अंतर) वाढला की ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, कॉइलवर ताण येतो आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. म्हणून जुन्या प्लगवर नवी कॉइल बसवणं म्हणजे तिचंही आयुष्य कमी करणं. पेट्रोल गाड्यांत गॅप बहुधा ०.८ ते १.१ मिमी असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात पाहा. इरिडियम प्लगचं बारीक टोक फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घुसवून वाकवू नका.

सीएनजी गाडीत हे सगळं लवकर उघडं पडतं, कारण गॅसचं मिश्रण पेटवायला जास्त व्होल्ट लागतात. त्यामुळे तिथे गॅप कमी, ०.७ ते ०.८ मिमीच्या आसपास ठेवतात. सीएनजीवर मिसिंग आणि पेट्रोलवर ठीक असेल तर पहिला संशय प्लगवर, मग कॉइलवर. उलट पेट्रोलवरच मिसिंग असेल तर महिनोन्महिने न वापरलेले पेट्रोल इंजेक्टर चिकटले असण्याची शक्यता मोठी.

प्लग बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवा. कोरड्या आट्यांवर १४ मिमीच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर, १२ मिमीच्याला १५ ते २० पुरे. जास्त आवळला तर अॅल्युमिनियम हेडचे आटे जातात.

कॉइल, प्लग, इंजेक्टर तिन्ही बदलून पाहिले आणि ३ नंबर तसाच राहिला, तर गेज लावून कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजा. चारही प्लग काढा, इंधन आणि इग्निशनची जोडणी काढा, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांहून खाली नको. कमी भरला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगचा, जैसे थे राहिला तर व्हॉल्व्हचा. सीएनजीवर खूप चाललेल्या गाडीत व्हॉल्व्हची सीट खाल्ली गेलेली असू शकते.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, दोन्ही इंधनांवर गाडी तापवून चालवा आणि स्कॅनरमध्ये मिसफायरची मोजणी दिसत असेल तर ती पाहा. चढ चढून आल्यावरही तिन्ही शेजाऱ्यांइतकाच ३ नंबर शांत राहिला, तरच काढलेली कॉइल फेकून द्या.