कोरगुटातलं सोडियम मोजायला निघालात तर

खाजनातल्या, म्हणजे गोव्यातल्या खाऱ्या पाण्याच्या बांधबंदिस्त शेतातल्या, कोरगुटासारख्या मीठ सोसणाऱ्या भातावर प्रबंध करायचं ठरलं की सुरुवातीचे आठवडे जनुकांच्या यादीत जातात. तीन नावं पुरेत. एसओएस१ मुळातून सोडियम बाहेर फेकतं, एनएचएक्स१ ते रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडतं, आणि एचकेटी१;५ काष्ठवाहिनीतून वर चाललेलं सोडियम वाटेतच काढून घेतं, म्हणजे पानापर्यंत कमी पोचतं. पोक्कळी या केरळातल्या खारभातातून आलेला, मीठ सोसण्याशी जोडलेला साल्टॉल हा जनुकीय पट्टाही पहिल्या गुणसूत्रावर एचकेटी१;५च्याच भागात आहे. एवढं समजलं की रोपांचे ट्रे पोषकद्रावणाने भरा.

घात होतो मीठ घालताना. चौदा दिवसांच्या रोपांना एकदम १०० मिलिमोलर मीठ दिलं, म्हणजे लिटरला ५.८४ ग्रॅम, की काही तासांत पानं गुंडाळतात. हे सोडियमचं विष नव्हे. मुळांना पाणी ओढता येत नाही, त्याचा हा धक्का आहे. विष पानात साचायला कित्येक दिवस लागतात. शिवाय धक्क्यात मुळाच्या पेशी आक्रसतात आणि खारं पाणी पेशींना वळसा घालून भिंतींमधून थेट वर जातं. भातात ही गळती एरवीही असतेच. ती वाढली की एचकेटी१;५ कितीही चांगलं असो, फरक झाकला जातो आणि कोरगुट व नाजूक वाण एकाच रांगेत मरतात. म्हणून रोज २५ मिलिमोलर, लिटरला १.४६ ग्रॅम, असं चार दिवसांत चढवा. कॅल्शियम विसरू नका: सोडियम त्याला पेशीच्या आवरणावरून हुसकावतं. कॅल्शियम जास्त द्याल तर बिनमिठाच्या ट्रेलाही तेवढंच द्या, नाहीतर तुलना संपली. द्रावणाचा सामू (पीएच) रोज ५ वर आणा.

‘किती रोपं जगली ते मोज, पेपर होतो’ असं सांगणारा मार्गदर्शक भेटेल. ऐकू नका. जगण्यात पाण्याचा ताण, सोडियम आणि रोपाचा जोम सगळं मिसळलेलं असतं.

पानं वेगवेगळी तोडा. सहनशील रोप सोडियम जुन्या पानांत टाकतं आणि कोवळं पान वाचवतं. सगळी एकत्र दळलीत की तीच गोष्ट हरवते. मीठ लागलेलं पान शुद्ध पाण्यात पटकन बुडवून काढा, ७० अंशांवर ४८ तास वाळवा, मग ज्वाला-प्रकाशमापीवर सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही मोजा. हातमोजे घाला, घामातही सोडियम असतं. नमुने काचेत नको, प्लॅस्टिकमध्ये ठेवा.

आकडे पहिल्या खेपेला जुळत नाहीत, घाबरू नका. गोव्यात जुलैच्या दमट हवेत पानांतून पाणी कमी उडतं, म्हणून सोडियमही कमी वर चढतं. तेच वाण मार्चमध्ये तितकं खंबीर दिसत नाही. प्रत्येक ट्रेमध्ये आयआर२९ हा नाजूक वाण आणि एफएल४७८ हा सहनशील वाण लावा आणि आपल्या वाणाची तुलना त्याच ट्रेमधल्या या दोघांशीच करा.